मोठं इंजिन, मे महिना आणि कन्नडचा घाट

जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये मोठं इंजिन बसवायचं म्हटलं की गप्पा हॉर्सपॉवरपासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात. जळगाव-भुसावळकडे मात्र पहिला प्रश्न रेडिएटरचा असायला हवा.

पेट्रोलच्या ऊर्जेतला पाव ते एक तृतीयांश हिस्साच गाडी पळवायला मिळतो. ढोबळमानाने तेवढीच उष्णता सायलेन्सरवाटे जाते आणि तेवढीच रेडिएटरला हवेत सोडावी लागते. ती किती सुटेल हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 95 अंशांवर आणि हवा इंग्लंडसारखी 15 अंशांवर असेल तर फरक 80 अंशांचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर गेला की उरतो 50. रेडिएटर तोच, वारा तेवढाच, पण उष्णता सुटते साठ-पासष्ट टक्के. त्यात तापलेली हवा विरळ, म्हणून इंजिनात शिरणाऱ्या हवेचं वजनही सुमारे दहा टक्क्यांनी घटतं. भर दुपारी गाडीला पिकअप नाही अशी तक्रार होते, ती अगदीच मनाची नसते.

इंग्लंडचं नाव घ्यायला कारण आहे. अशा अदलाबदलीचं गाजलेलं उदाहरण तिथलंच, एमजी कंपनीची एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार. 1962 साली आलेल्या या गाडीत 1798 सीसीचं बिडाचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. केन कॉस्टेलो या गाड्यांत फेरफार करणाऱ्या कारागिराने तिच्यात रोव्हर कंपनीचं साडेतीन लिटरचं व्ही-8, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं इंजिन बसवून दाखवलं, आणि 1973 मध्ये कंपनीनेच तशी गाडी बाजारात आणली. मूळ अमेरिकेच्या ब्युइक कंपनीने आखलेलं हे इंजिन ॲल्युमिनियमचं. आकार जवळजवळ दुप्पट, वजन मात्र जुन्या इंजिनाच्या आसपास. ही गोष्ट मला हॉर्सपॉवरपेक्षा महत्त्वाची वाटते. नाकावर भार वाढला की स्टिअरिंग जड होतं, वळणावर गाडी बाहेर सरकते, आणि मग ती स्पोर्ट्‌स कार कसली?

टॉर्क, म्हणजे इंजिनाची पिळाची ताकद, सुमारे 149 न्यूटन-मीटरवरून 262 वर गेला, म्हणजे पावणेदोनपट. तो सगळा हाफ शाफ्टवर, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर, लादला असता तर जुना सांगाडा कुरकुरला असता. म्हणून कंपनीने मागच्या क्राऊन-पिनियनचं, म्हणजे चाकांकडे फेरे कमी करून टॉर्क वाढवणाऱ्या दातेरी जोडीचं, गुणोत्तर 3.9 वरून 3.07 वर आणलं. एवढ्यानेच हाफ शाफ्टवरचा वाढीव ताण साधारण निम्मा झाला, आणि हायवेला इंजिनही संथ फिरू लागलं. गिअरबॉक्सला मात्र यातून सुटका नाही, तो इंजिन आणि क्राऊन-पिनियनच्या मध्ये बसतो, म्हणून वाढलेला टॉर्क त्याला पूर्ण झेलावा लागतो. आपल्या ॲम्बेसेडरला नव्वदच्या दशकात इसुझूचं 1800 चं इंजिन मिळालं तेव्हा सोबत पाच गिअरचा बॉक्सही आला, हे जुन्या ड्रायव्हरांना आठवत असेल.

आता हीच गाडी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढवा. पुढे लोड भरलेला ट्रक, आपण दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन राबतंय, पण वेग नाही म्हणून रेडिएटरवर वारा नाही. इथे सगळी भिस्त फॅनवर. एमजीबीच्या व्ही-8 अवतारात रेडिएटर पुढे सरकवून दोन इलेक्ट्रिक फॅन दिले होते, तेही इंग्लंडच्या हवेत. खान्देशात जास्त जाड रेडिएटर आणि पंख्याभोवती नीट बसणारं कव्हर हवंच. उतरताना पाळी ब्रेकची. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: 80 ऐवजी 100 च्या वेगाने जाणारी गाडी थांबवताना दीडपटीहून जास्त उष्णता डिस्कमध्ये जिरवावी लागते. व्ही-8 ला पुढच्या डिस्क जाड दिल्या त्या याचसाठी. मोठ्या इंजिनाचा एक फायदा इथे होतो, खालच्या गिअरमध्ये ते गाडी जास्त रोखून धरतं.

राहिला कागदांचा मामला. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, तेव्हा पाना-हातोडा उचलण्याआधी आरटीओत विचारून यावं. गाडी 50 वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक पेच आहे. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला असेल तर तो नंबर मिळत नाही.