सभा, संगणक आणि पुण्याचा अर्ज

पुणे महापालिका २००६ पासून पुढच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. उखडलेला पदपथ, बसथांबा, बाकडी, दिवे अशी वॉर्डातली कामं. सुरुवातीला छापील अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्यावा लागे, पुढे तो ऑनलाइन भरायची सोय झाली. हेलपाटा वाचला, हे खरंच. पण ज्या कल्पनेवरून हे सगळं आलं, ती नुसती अर्जाची नव्हती.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात कामगार पक्षाचे ऑलिव्हियो दुत्रा महापौर झाले आणि १९८९ मध्ये तिथे लोकसहभागी अंदाजपत्रक सुरू झालं. शहराचे १६ भाग पाडले, भागाभागात सभा घेतल्या. आधी कुणाच्या वस्तीत गटार, कुणाच्या वस्तीत डांबर, यावर लोक समोरासमोर भांडत आणि मग आपले प्रतिनिधी निवडत. यात एकच गोम होती. दिवसभर राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी सभेला बसायला वेळ कुठला?

बेलो होरिझोंते या दुसऱ्या ब्राझिली शहरानं त्यावर इंटरनेटचा उपाय काढला. सभांची पद्धत तिथे १९९३ पासून होतीच; ती न मोडता २००६ मध्ये शेजारी ऑनलाइन मतदान उभं केलं. शहराचे नऊ विभाग, प्रत्येकात चार कामांची यादी, त्यातलं एक निवडायचं. मतदार म्हणून नोंदणीचा क्रमांक टाकला की मत नोंदलं जाई. घरी संगणक नसलेल्यांसाठी सार्वजनिक ठिकाणी संगणक ठेवले. सुमारे १ लाख ७३ हजार लोकांनी, म्हणजे साधारण दहा टक्के मतदारांनी, मत दिलं. सभांना इतकी माणसं कधीच येत नसत. २००८ मध्ये फोनवरूनही मत देता येऊ लागलं, तरी आकडा १ लाख २४ हजारांवर घसरला. शिवाय यादीत कोणती कामं असावीत हे आधीच ठरलेलं असे, त्यामुळे या ऑनलाइन मतदानात भांडायची जागा गेलीच.

तरीही तिथे लोकांनी बटण दाबलं की काम ठरत होतं. पुण्यात बटण दाबल्यावर फक्त अर्ज जमा होतो. पुढची चाळणी अधिकाऱ्यांची आणि प्रभाग समितीची, म्हणजे नगरसेवकांची. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले आणि ती समितीही गेली. अर्ज मागवणं सुरू राहिलं. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत निवड मात्र सगळी अधिकाऱ्यांच्या टेबलावर होती.