बारा वर्षांचा अनुभव की बारा वर्षांचा सराव?

रेझ्युमेवर 'बारा वर्षांचा अनुभव' दिसला की आपण धरूनच चालतो की हा माणूस बारा वर्षं सुधारत आलाय. तसं असेलच असं काही नाही. तो बारा वर्षं ते काम करत होता, एवढंच त्यातून कळतं. पर्सनल डेव्हलपमेंटवर एवढं बोललं जातं पण अनुभव आणि सराव यातला फरक त्यात बहुतेक वेळा गायबच असतो, आणि मग लोकांना वाटतं की नोकरी चालू आहे म्हणजे वाढ पण चालूच आहे.

टायपिंगचंच बघा ना. रोज सहा-सात तास कीबोर्डवर असणारी माणसं वर्षानुवर्षं त्याच स्पीडला, कित्येक जण तर अजून दोन बोटांनीच. सुरुवातीला वेग भराभर वाढतो आणि काम भागायला लागलं की तिथेच थांबतो. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये कौशल्य शिकायच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या, आधी डोकं लावून करायचं, मग चुका कमी होत जातात, आणि शेवटी हात आपोआप चालायला लागतो. ही तिसरी पायरी हवीच, नाहीतर दिवसभराचं काम उरकायचंच नाही, पण तिथे लक्ष सुटतं आणि लक्ष सुटलं की सुधारणाही थांबते. अनुभव बहुतांशी या तिसऱ्या पायरीवर साठत जातो. सराव म्हणजे मुद्दाम पुन्हा पहिल्या पायरीवर उतरायचं, जिथे आपण अडखळतो, म्हणून तर तो नकोसा होतो.

यावर सगळ्यात गाजलेलं काम मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचं, 1993 चं. बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे त्यांनी तीन गट केले, सर्वोत्तम, चांगले, आणि पुढे शिक्षक होण्याच्या वाटेवरचे. गंमत अशी की क्लास, ग्रुपमध्ये वाजवणं, ऐकणं असं सगळं धरलं तर तिन्ही गट आठवड्याला 50 तासांच्या वर संगीतातच असायचे. म्हणजे 'अनुभव' सगळ्यांचा सारखाच. फरक होता एकट्याने बसून केलेल्या रियाजात, वरचे दोन गट आठवड्याला साधारण 24 तास आणि तिसरा गट 9 च्या आसपास. यातूनच पुढे 'कशातही तरबेज व्हायला 10,000 तास लागतात' हा प्रसिद्ध नियम निघाला, जो खरं तर नियम नव्हताच, सर्वोत्तम गटाची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती, आणि तो आकडा असा वापरण्यावर खुद्द एरिक्सन यांनीच आक्षेप घेतला होता.

बरं, सराव करायचा म्हणजे नेमकं काय? समजा तुम्ही दर आठवड्याला मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन देता. शंभर वेळा दिलं, हा झाला अनुभव. सराव म्हणजे पहिली दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करायची, ऐकायची (स्वतःचा आवाज ऐकणं हा एक छळच आहे), मुख्य मुद्दा कितव्या वाक्यात येतोय ते बघायचं, सहाव्यात येत असेल तर दुसऱ्यात आणून तेवढीच दोन मिनिटं परत बोलायची, मग परत ऐकायची. एकच बारीक गोष्ट, लगेच कळणारा निकाल, परत प्रयत्न. ऐन मीटिंगमध्ये हे होत नाही कारण तिथे निभावून नेणं महत्त्वाचं असतं आणि ते बरोबरच आहे.

आता सरावाचे गोडवे फार गायला नकोत. एरिक्सन यांचाच आणखी एक जुना प्रयोग आहे, 1980 मध्ये छापलेला. एका कॉलेजच्या मुलाला आकडे ऐकून लक्षात ठेवायला लावले, सुरुवातीला 7 जमायचे, सुमारे दीड-पावणेदोन वर्षांत, साधारण 230 तासांच्या सरावानंतर तो 79 आकड्यांवर गेला. मुलगा धावपटू होता, आकड्यांना तो शर्यतीतल्या वेळा समजून गठ्ठे करायचा. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिली तर गडी परत सहावर! सराव असा अरुंद असतो, जे घासाल तेवढंच चकाकतं. भडकलेल्या क्लायंटशी काय बोलायचं, कुठली डेडलाइन खरी आणि कुठली नुसती सांगायची, हे अनुभवानेच येतं, त्याचा क्लास नाही.

पण अनुभवसुद्धा सगळीकडे सारखा शिकवत नाही. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये यावर एकत्र लिहिलं होतं, त्याचा सारांश असा की अनुभवी माणसाच्या 'आतल्या आवाजावर' विश्वास तेव्हाच ठेवावा जेव्हा त्या क्षेत्रात काही नियमितता असते आणि आपलं चुकलं की बरोबर ते नीट कळत राहतं. भूल देणाऱ्या डॉक्टरला परिणाम समोरच दिसतो, एक्स-रे वाचणाऱ्याला आपलं निदान पुढे बरोबर निघालं का हे अनेकदा कळतच नाही. 2005 मध्ये डॉक्टरांवरच्या 62 अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा निम्म्याहून जास्त अभ्यासांत प्रॅक्टिसची वर्षं वाढली तशी मोजलेली कामगिरी घसरलेली दिसली. नवी माहिती येत राहते आणि जुनी सवय घट्ट बसते, असं त्याचं एक कारण मला पटतं.

आणि हो, 2014 च्या एका मोठ्या विश्लेषणात माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यात सरावाचा वाटा व्यावसायिक कामांमध्ये 1 टक्क्याहून कमी निघाला, खेळांत 18 आणि संगीतात 21 टक्के. हे वाचून काही जण म्हणतात बघा, सराव वगैरे सब झूठ. मला वाटतं ऑफिसच्या कामात सराव कशाला म्हणायचं आणि सुधारणा कशी मोजायची हेच धूसर असतं, ट्रेनिंगला बसून सर्टिफिकेट आणणंही त्यात सरावात धरलं जाऊ शकतं. म्हणून मोजता येईल असा तुकडा आधी शोधायचा, 'कम्युनिकेशन स्किल' नाही तर 'ईमेलच्या पहिल्या दोन ओळींत मागणी स्पष्ट आली का' असा.

दिवसभर राबून रात्री अकराला तीन तासांचा ऑनलाइन कोर्स लावणाऱ्यांसाठी एक सांगतो, त्या बर्लिनच्या वरच्या दोन गटांतली मुलं तिसऱ्या गटापेक्षा जास्त झोपायची, दुपारी डुलकीसुद्धा काढायची, आणि एका बैठकीत साधारण दीड तासाच्या वर रियाज करत नसत. सकाळी डोकं ताजं असताना अर्धा तास मिळत असेल तर तो घ्या, रात्रीचा कोर्स बंद केला तरी चालेल.