चिपिंग कॅम्पडन–ब्रॉडवे फेरी (कॉट्सवोल्ड्स, इंग्लंड)

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स डोंगररांगेच्या उत्तर टोकाला असलेली, एका दिवसात आरामात होणारी गोल पायवाट. ग्लॉस्टरशरमधल्या चिपिंग कॅम्पडन या जुन्या बाजाराच्या गावातून निघायचं, डोव्हर्स हिल आणि ब्रॉडवे टॉवर करत पलीकडे वूस्टरशरमधल्या ब्रॉडवेला उतरायचं, आणि मग विलरसी, सेंटबरी अशी पायथ्याची गावं धरून पुन्हा कडा चढून कॅम्पडन. जातानाचा भाग म्हणजे कॉट्सवोल्ड वे या कॅम्पडन ते बाथ अशा १६४ किमीच्या वाटेचा पहिला टप्पा, साधारण १० किमी. परतीच्या वाटेला मात्र असं मोठं नाव नाही, गावागावांना जोडणाऱ्या साध्या पायवाटा आहेत आणि लोक नकाशा बघून आपापल्या सोयीने त्या जोडून घेतात.

हे जमतं ते इथल्या वाटेच्या हक्कामुळे, आणि माझ्या मते या फेरीत समजून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. शेत खाजगी, मेंढ्या खाजगी, पण त्यातून जाणारी पायवाट सगळ्यांची. गावकरी पिढ्यानपिढ्या ज्या वाटांनी चर्चला, बाजाराला, शेजारच्या गावाला जायचे त्या १९४९च्या कायद्यानंतर कौन्सिलांनी, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, अधिकृत नकाशांवर नोंदवायला घेतल्या, आणि एकदा नोंद झाली की शेतमालकाला ती वाट मनाला येईल तशी बंद करता येत नाही. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली तरी साधारणपणे १४ दिवसांच्या आत ती परत चालण्याजोगी करून द्यावी लागते, त्यामुळे गव्हाच्या मधोमध माणूसभर रुंदीची पट्टी मोकळी दिसते आणि नवख्या माणसाला तिथून जायला संकोच वाटतो, पण बिनधास्त जायचं. वाटेवरच्या खांबांवर आणि फाटकांवर बाण लावलेले असतात: पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी.

कॅम्पडन गाव लोकरीवर उभं राहिलं. मध्ययुगात कॉट्सवोल्डच्या मेंढ्यांची लोकर फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमकडचा भाग) आणि इटलीपर्यंत जायची आणि तो पैसा इथल्या दगडात उतरलेला आहे. सेंट जेम्स चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हल या व्यापाऱ्याची पितळी स्मृतिपट्टी जमिनीत बसवलेली आहे, तो १४०१ साली वारला, आणि तिच्यावर लॅटिनमध्ये त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांचं फूल म्हटलंय. हाय स्ट्रीटवर त्याचं चौदाव्या शतकातलं घर अजून उभं आहे, दोन मजली उंच खिडकीवरून ओळखू येतं. थोडं पुढे १६२७चा मार्केट हॉल, सर बॅप्टिस्ट हिक्सने बांधलेला, चारी बाजूंनी कमानी, वर दगडी छप्पर, आणि खालची फरशी इतकी झिजलेली आणि खाचखळग्यांची की पाय बघून टाकावा लागतो. पुढे लोकरीचा धंदा दुसरीकडे गेला आणि गावाकडे नवीन बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनी घरं टिकली. आज जे सुंदर म्हणून लोक बघायला येतात त्याच्यामागे बराच काळ सोसलेली मंदी आहे, हे विसरू नये.

घरं, चर्च, शेताचे बांध सगळं एकाच मधाच्या रंगाच्या चुनखडीचं. ज्युरासिक काळात इथे उथळ उबदार समुद्र होता, त्यात तयार झालेला हा दगड. हातात घेऊन जवळून बघितला तर माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल दाणे दिसतात. शेतांच्या भिंतींना चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगड एकावर एक बसवलेले आणि माथ्यावर उभ्या दगडांची ओळ.

डोव्हर्स हिलवर रॉबर्ट डोव्हरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गावखेळ भरवायला सुरुवात केली, परंपरेने साल १६१२ सांगतात. मध्ये खंड पडला तरी ते आजही वसंत ऋतूच्या शेवटी भरतात आणि एकमेकांच्या नडगीवर लाथा मारायची स्पर्धा त्यात अजून आहे, विजारीच्या पायांत पेंढा कोंबून खेळतात. इथून खाली ईव्हशॅमचं खोरं पसरलेलं दिसतं. पुढचा ब्रॉडवे टॉवर काही मध्ययुगीन नव्हे, अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी हौसेने बांधलेला बुरूज आहे, पण टेकडी ३१२ मीटरची, कॉट्सवोल्ड्समधली दुसऱ्या नंबरची उंच, त्यामुळे हवा स्वच्छ असेल तर वेल्सचे डोंगर दिसतात.

उतरताना कुरणांकडे नीट बघा. गवताखाली लांबच लांब लाटा दिसतील, उंचवटा-खोलगट-उंचवटा, ओळीने. बैलांच्या जड नांगराने एकाच पट्टीत वर्षानुवर्षं माती मधल्या बाजूला पलटत गेली की असे वरंबे तयार होतात, आणि नंतर शेतीच्या जागी मेंढ्या आल्या, जमीन परत नांगरली गेली नाही, म्हणून ते तसेच राहिले. भर दुपारी पटकन लक्षात येत नाहीत, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात किंवा हलका बर्फ पडल्यावर एकेक ओळ उठून दिसते. चर्च-वाडे सगळे बघतात, पण मध्ययुगातल्या शेतकऱ्याच्या हातचं इतकं थेट काही मला तरी या वाटेवर दुसरं दिसत नाही.

ब्रॉडवेत रुंद रस्ता, चहाची दुकानं आणि भरपूर गर्दी. विलरसीला बदकांचं तळं, सेंटबरीला उतारावर निमुळत्या शिखराचं चर्च, आणि मग शेवटचा चढ.

सिंहगड-राजगड करणाऱ्याला इथली उंची काहीच वाटणार नाही, दमवतो तो चिखल. पायथ्याची माती चिकणमातीची आहे, हिवाळ्यात बुटाला धरून बसते, त्यामुळे घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट हवेतच. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, वसंतात मेंढ्यांना पिल्लं असतात तेव्हा कुत्रा पट्ट्यावर. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, क्रमांक ओएल ४५. कॅम्पडनला आता रेल्वे स्टेशन नाही, लंडनच्या पॅडिंग्टनहून मॉरटन-इन-मार्शला उतरून पुढे बस धरावी लागते आणि तिचं टाइमटेबल निघायच्या आधीच बघून ठेवावं.