लॅब्रेडॉर सगळं तोंडात का धरतो? पिल्लू नेणाऱ्यांसाठी माहिती

"भाऊ, कुत्रं चोरटं निघालं," असा फोन पिल्लू नेल्यावर काही महिन्यांत हमखास येतो. चप्पल, मोजे, टॉवेल, जे दिसेल ते तोंडात! पिल्लू बिघडलेलं नाही. लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जाती ब्रिटनमध्ये याच कामासाठी घडवल्या गेल्या. बंदुकीने पाडलेला पक्षी शोधायचा आणि न चावता मालकाच्या हातात आणून द्यायचा. शिकारीच्या इतर जातींचंही तसंच: पॉइंटर जातीच्या कुत्र्याला पक्ष्याचा वास लागला की तो जागीच थिजतो, कॉकर स्पॅनियल जातीचा झुडपात घुसून पक्षी उठवतो. पिढ्यान् पिढ्या निवडून जोड लावल्याने हे रक्तातच उतरलंय. शिकवणीने त्याला वळण लागतं, एवढंच.

खरं नुकसान होतं ते मागे धावल्याने. पिल्लू शेपूट हलवत चप्पल घेऊन तुमच्याकडेच येत असतं. आपण ओरडतो, जबडा उघडून चप्पल ओढतो, वर एक रट्टा. दोन-चार वेळा असं झालं की ते खाटेखाली पळतं, वस्तू घट्ट आवळतं, कधी मोजा गिळूनही टाकतं. मग पोट उघडायची पाळी येते. वर, हाक मारली तरी यायचं नाही हेही ते शिकतं. ही सवय मोडायला आम्हाला महिने लागतात.

त्याऐवजी खाली बसा, हाक मारा. आलं की लगेच हिसकावू नका, छातीवरून हात फिरवा. मग नाकाशी भाकरीचा तुकडा धरा. तोंड उघडताच "सोड" म्हणा आणि तुकडा द्या. रोज घरातच जुन्या मोज्याची गुंडाळी तीन-चारदा फेकायची, त्याची हौस असतानाच थांबायचं. ओढाताणीचा खेळ नको, त्याने दाब देऊन धरायची खोड लागते. उन्हाळ्यात हे सूर्य वर यायच्या आत उरका. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन या जातींना झेपत नाही.

आमची पिल्लं महाग का, असं विचारतात. पिल्लाची आई समोर दाखवतो, गुंडाळी तुम्हीच फेका. ती आणून तळहातावर ठेवते, दाताची खूण नसते. असे आई-बाप निवडायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाही, कितीही घाई असो.

"तितर धरायला कुत्रा द्या" असंही कुणी म्हणतं. देत नाही. तितर, लावा, मोर यांची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. वावरात, केळीच्या बागेत फिरवताना लांब दोरी बांधा, मोर दिसला की पाय आवरत नाहीत.

आमच्याकडून नेलेल्या पिल्लाचा "सोड"चा पहिला धडा मोफत. येताना पिल्लू घरात ज्याच्या मागे फिरतं, त्यालाच सोबत आणा.