कोपऱ्यातली मिठाची वाटी आणि सिगारची पेटी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात हल्ली बऱ्याच घरांच्या कोपऱ्यात खडेमिठाची वाटी दिसते. मोबाईलवर आलेला सल्ला असा, की मीठ घरातली नकारात्मक ऊर्जा ओढून घेतं, आणि वाटीत सुटलेलं पाणी हा त्याचा पुरावा. बहिणीच्या घरची वाटी मे महिनाभर ठणठणीत कोरडी होती, पाणी सुटलं ते मृग बरसल्यावर. म्हणजे उन्हाळ्यात घरात नकारात्मक ऊर्जा नव्हती म्हणायची! दुपारी लाइट गेल्यावर तिथं बसून पाहिलेल्या माणसाला हे पटणं कठीण आहे.

त्याच घरात दुसरं एक कोडं होतं. भाचा जहाजावर नोकरीला. त्यानं वडिलांसाठी सिगारची लाकडी पेटी आणली, झाकणात आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. अशा पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. (बिडी असो की सिगार, तंबाखू तो तंबाखूच, ओढा असं मी सांगत नाही.) मे महिन्यात सिगारचं वरचं पान पापडासारखं तडकलं. भाऊजींनी आत ओला कापूस ठेवला आणि मीटरचा काटा ७० वर राहील असा तो कमीजास्त करत राहिले. पुस्तिकेत ७०च लिहिलं होतं. तरी पोळ्यापर्यंत सिगारवर बुरशी.

भाऊजींची माय बिड्या वळायची. तेंदूचं पान कोरडं असलं तर कात्रीखाली तडकतं, फार ओलं राहिलं तर काळं पडतं, म्हणून ती पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. तिचा मीटर म्हणजे तिची बोटं.

आता हे ७० म्हणजे कशाचे ७०? हवेत ७० टक्के पाणी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या ७० टक्के. ही सापेक्ष आर्द्रता. ४५ अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे ६५ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. म्हणून आर्द्रता २० टक्के असलेल्या मेच्या दुपारी आपल्या हवेत १३ ग्रॅम वाफ असते, म्हणजे पौषातल्या धुकट पहाटेपेक्षा जास्त! तरी ओठ फुटतात ते मेमध्येच, कारण पान, लाकूड, कातडी यांना वाफ किती आहे यापेक्षा अजून किती मावेल याच्याशी मतलब. कूलर मेमध्ये गारवा देतो आणि श्रावणात नुसता चिकचिकाट, तेही यामुळेच.

आणि आता मीठ, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

१०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्याहून जास्त टाकलं तर तळाशी बसतं. या द्रावणात पाण्याच्या रेणूंमध्ये सोडियम आणि क्लोराइडचे आयन (विजेचा भार असलेले कण) मिसळलेले असतात, त्यामुळे हवेत निसटणारे रेणू कमी होतात. नुसत्या संख्येचा हिशोब केला तर वाफेचा दाब शुद्ध पाण्याच्या ८२ टक्के यायला हवा. प्रत्यक्षात तो ७५ येतो, कारण आयन शेजारच्या पाण्याला धरूनही ठेवतात. म्हणजे या द्रावणावरच्या हवेत सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के. बंद डब्यात आर्द्रता ७५च्या खाली गेली की द्रावण पाणी सोडतं आणि थोडं मीठ तळाशी बसतं. वर गेली की पाणी शोषतं आणि तळाचं मीठ विरघळतं. दोन्ही वेळा द्रावणाची तीव्रता तीच राहते! गिब्जच्या नियमात (घटक आणि अवस्था मोजून किती गोष्टी मोकळेपणी बदलू शकतात ते सांगणारा नियम) सांगायचं तर घटक दोन (मीठ, पाणी), अवस्था तीन (घन मीठ, द्रावण, वाफ), म्हणून मोकळीक एकच उरते: तापमान ठरलं की आर्द्रता ठरली. आणि मिठाच्या बाबतीत १० ते ४० अंशांत फरक पडतो जेमतेम एका टक्क्याचा. तळाशी मीठ आणि वर पाणी, दोन्ही असेपर्यंत हा पहारेकरी हलत नाही. ओला कापूस मात्र फक्त देणं जाणतो, घेणं नाही.

उघड्यावर ठेवलेलं शुद्ध मीठ ७५च्या वर पाझरू लागतं. खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडची भेसळ निसर्गानंच केलेली असते आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलावा धरतं, म्हणून खडेमीठ आधी पाणावतं. वाटीचं गूढ एवढंच.

सिगारला ७५ जरा जास्त होतात, ६५ ते ७० बरे. म्हणून ह्युमिडॉरात बऱ्याचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल (ओलावा धरणारा एक द्रव) आणि पाणी निम्मंनिम्मं वापरतात, हेतू ७०च्या आसपास धरण्याचा. पेटीचं आतलं लाकूडही ओलावा घेतं-सोडतं. त्याला म्हणतात स्पॅनिश सीडर, पण ते ना स्पेनचं ना देवदाराचं. अमेरिका खंडातलं हे झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं आहे.

राहिला मीटर. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेतलं, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं, मीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवलं. सकाळी काटा ७५ वर हवा होता. तो होता ६९ वर. म्हणजे भाऊजी ज्याला ७० समजून जपत होते, ते खरे ७६ होते.

मीठ मी कोपऱ्यातल्या वाटीतलं घेतलं नाही, बहिणीनं घेऊही दिलं नसतं. स्वयंपाकघरातलं पुड्यातलं घेतलं.