जलतरण तलाव, घरगुती (शीत हवामानातील)

जेथे वर्षातील बरेच महिने हवा पोहण्यास सुखद अशा पाण्याहून (सु. २६° ते २८° से.) पुष्कळच थंड असते, तेथे घरात वा घराच्या आवारात बांधलेला, पाणी तापवण्याची व त्याची ऊब राखण्याची सोय असलेला तलाव.

तळाखालून तापवलेल्या स्नानकुंडाचा जनक कोण, याविषयी मतभेद आहेत. थोरला प्लिनी (इ. स. पहिले शतक) याच्या नोंदीवरून हे श्रेय सर्गियस ओराटा या इ. स. पू. सु. १०० मधील रोमन व्यावसायिकाला देण्याची प्रथा आहे. मात्र प्लिनीच्या ‘अधांतरी कुंडे’ अशा अर्थाच्या शब्दांतून माणसांची स्नानगृहेच अभिप्रेत आहेत, की ओराटा ज्यांची पैदास करी त्या कालवांची कुंडे, याचा निर्णय होत नाही. तळाखाली पोकळी असलेल्या काही ग्रीक स्नानगृहांचे अवशेष त्याआधीचे मानले जातात; त्यामुळे ओराटाकडे शोधापेक्षा प्रसाराचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते.

उघड्या तलावाची बहुतांश उष्णता बाष्पीभवनाने जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सु. २,४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते, म्हणून १.५ मी. खोल तलावाची पातळी केवळ १ मिमी. उतरली, तरी खालचे सगळे पाणी सु. ०.४° से.ने थंडावू शकते. यास्तव तापकाआधी पांघरुणाचा, म्हणजे पृष्ठभाग झाकणाऱ्या आच्छादनाचा आणि वारा अडवणाऱ्या भिंतीचा विचार करणे इष्ट. उष्णता पंप (बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडणारे यंत्र) विजेची बचत करतो. परंतु बाहेरची हवा जसजशी गारठते तसतशी त्याची कार्यक्षमता घटते. तलाव घरात घेतल्यास हवा पाण्याहून एक-दोन अंश उबदार व सापेक्ष आर्द्रता ५० ते ६० टक्के राखावी लागते. अन्यथा खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळते व भिंतींत ओल मुरते. जागा बेताची असल्यास पंपाने सोडलेल्या प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी पोहता येईल असे लहान कुंडही पुरते. हंगामी तलावाच्या नळ्या हिवाळ्यापूर्वी रिकाम्या करतात, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते.

सोलापूरकडे पाणी गोठत नाही, तरी यातील मूळ तत्त्व तेथील विहिरींत पाहावयास मिळते. पौषातल्या पहाटे विहिरीतून वाफा निघतात, आणि पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकणाऱ्या मुलाला काठावर कुडकुडण्यापेक्षा पाण्यात राहणे बरे वाटते. खोलवरची जमीन वर्षभर जवळपास एकाच तापमानाची असते, पाण्याचा पृष्ठभाग लहान असतो आणि कडेच्या बांधकामामुळे वारा लागत नाही. चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या तेथील उन्हाळ्यात तलावावरचे आच्छादन उष्णतेऐवजी पाणी वाचवते, आणि पाण्याची टंचाई असलेल्या या भागात ते अधिक मोलाचे आहे. बांधकामातही असेच साम्य आढळते. थंड प्रदेशात मातीतील ओलावा गोठून जमीन फुगते व तलावाच्या भिंतींवर दाब येतो. सोलापूरची काळी जमीन पावसाळ्यात फुगून व उन्हाळ्यात भेगाळून भिंतींना तसाच त्रास देते. थंड प्रदेशात खडीचा, तर सोलापूरकडे मुरमाचा थर देऊन हा दाब कमी करतात.