किर्कब्राइड मनोरुग्णालये : बंद वास्तूंचे भवितव्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एका ठरावीक आराखड्यावर बांधली गेलेली आणि आज बहुतांशी ओस पडलेली किंवा पाडलेली सरकारी मनोरुग्णालये. फिलाडेल्फियातील वैद्य टॉमस स्टोरी किर्कब्राइड (१८०९–८३) यांच्या नावाने ती ओळखली जातात.

किर्कब्राइड यांच्या लेखी वास्तू हाच उपचाराचा भाग होता. १८५४ साली त्यांनी ग्रंथरूपाने मांडलेल्या आराखड्यात मधोमध प्रशासनाची इमारत आणि दोन्ही अंगांना वॉर्डांचे पंख असत. प्रत्येक पंख आधीच्यापेक्षा थोडा मागे सरकलेला. त्यामुळे सगळीकडे उजेड आणि वारा पोहोचे. वरून पाहिले तर वटवाघळाने पंख पसरावेत तसा आकार दिसतो. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. शांत रुग्ण मध्याजवळ, तर अनावर होणारे टोकाला. रुग्ण २५० पेक्षा जास्त नसावेत आणि भोवती निदान १०० एकर जमीन असावी, असा त्यांचा आग्रह होता. मनोरुग्णांच्या हालअपेष्टांविरुद्ध झटणाऱ्या समाजसुधारक डोरोथिया डिक्स यांच्या खटपटीमुळे अनेक राज्यांनी या कामासाठी पैसा मंजूर केला. पहिले रुग्णालय न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे १८४८ साली उघडले.

२५० चा आकडा मात्र कागदावरच राहिला. तेवढ्याच रुग्णांसाठी आखलेल्या वेस्टन (वेस्ट व्हर्जिनिया) येथील रुग्णालयात १९५० च्या दशकात सुमारे २,४०० माणसे कोंबलेली होती. १९५५ साली देशभरातील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. त्यानंतर ओहोटी लागली. १९५४ पासून क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरील औषध मिळू लागले होते, १९६३ च्या कायद्याने वस्तीपातळीवरील मानसोपचार केंद्रांना निधी दिला. गरिबांच्या उपचारांसाठी केंद्र आणि राज्ये मिळून पैसा देतात ती १९६५ ची मेडिकेड योजना मनोरुग्णालयातील ६५ वर्षांखालील प्रौढांचा खर्च उचलत नसे, म्हणून रुग्ण बाहेर काढण्यात राज्यांचा आर्थिक फायदाही होता. औषधाला श्रेय देताना हा हिशेब बहुधा सांगितला जात नाही.

इमारत रिकामी झाली की अडचण उभी राहते ती तिच्या आकाराचीच. वेस्टनची दगडी इमारत सुमारे पाव मैल लांब आहे. लांबलचक मार्गिका, दोन्हीकडे चिमुकल्या खोल्या, जाड भारवाहक भिंती, त्यात ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग. यात घरे किंवा कार्यालये बसवणे जिकिरीचे आणि महागडे. पंख एकमेकांना जोडलेले असल्याने एक भाग राखून दुसरा सोडणेही अवघड. छप्पर गळू लागले की दुरुस्तीचा खर्च दरवर्षी वाढतो, आणि ‘आता वाचवणे परवडत नाही’ हा युक्तिवाद आपोआप तयार होतो. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील नाव संरक्षण देते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. दुरुस्तीसाठी करसवलत मिळू शकते, पण मालकाला पाडकाम करण्यापासून ती नोंद रोखत नाही.

मॅसॅच्युसेट्समधील डॅनव्हर्स रुग्णालय १८७८ साली उघडले आणि १९९२ साली बंद झाले. नोंदवहीत नाव असूनही २००६ साली त्याचा बहुतेक भाग पाडून तेथे सदनिका उभारल्या. मधली इमारत आणि तिच्या लगतचे दोन पंख यांचे बाहेरचे कवच तेवढे राखले. न्यू जर्सीतील ग्रेस्टोन पार्कची मुख्य इमारत स्थानिकांचा विरोध डावलून २०१५ साली पाडण्यात आली. याउलट मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथे एकेक भाग घेत सदनिका, दुकाने, उपाहारगृहे थाटली गेली. सगळे एकदम करण्याचा हव्यास टाळला, हेच त्या यशाचे मर्म असावे. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे वास्तुविशारद एच. एच. रिचर्डसन यांनी आखलेल्या रुग्णालयाच्या वास्तूत २०१७ साली हॉटेल सुरू झाले, २०२१ मध्ये बंद पडले आणि २०२३ मध्ये नव्या नावाने पुन्हा उघडले. पंखांचा बराच भाग मात्र रिकामाच राहिला. वेस्टनची वास्तू २००७ साली लिलावात विकली गेली. आता तेथे इतिहासाच्या फेऱ्यांबरोबर भुताखेतांच्या रात्रफेऱ्याही तिकीट लावून चालतात. छपराचा खर्च त्यातून निघतो हे खरे, पण तेथे राहिलेल्या माणसांचे त्यात भूत होऊन बसते.

पुनर्विकासाच्या चर्चेत सहसा मागे पडतात त्या रुग्णालयांच्या दफनभूमी. तेथील अनेक थडग्यांवर नाव नसून फक्त क्रमांक असे. डॅनव्हर्स येथे माजी रुग्णांनी जुन्या नोंदी धुंडाळून त्या क्रमांकांची नावे शोधून काढली.